वाद, जल्प आणि वितंडा

मराठीत ‘वाद घालणे’ या शब्दप्रयोगाला फारशी प्रतिष्ठा उरलेली नाही. वाद घालणारा मनुष्य म्हणजे भांडखोर, हेकट, दुसऱ्याचे ऐकून न घेणारा, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ज्या शास्त्रातून हा शब्द आला, त्या शास्त्रात ‘वाद’ हे सर्वांत निर्मळ अशा चर्चेचे नाव होते. ‘छळ’ या शब्दाची गत याहूनही विलक्षण झाली. आज छळ म्हणजे जाच, पीडा. न्यायशास्त्रात मात्र ‘छल’ म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दांना त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला खोटे पाडणे. ज्याच्या साध्या बोलण्याची वारंवार अशी मोडतोड झाली असेल, त्याला या दोन अर्थांतील अंतर फारसे मोठे वाटणार नाही. तिसरा शब्द ‘वितंडा’. तो तेवढा ‘वितंडवाद’ या रूपाने आपला जुना अर्थ बराचसा जपून आहे.

हे शब्द एका फार जुन्या प्रश्नाची साक्ष देतात. चार माणसे एखाद्या गोष्टीचा निर्णय करण्यासाठी एकत्र बसली असता त्यांच्यात कोणी असा शिरतो की, ज्याला निर्णय नकोच असतो. त्याला समोरच्याला चिडवायचे असते, गोंधळवायचे असते, किंवा नुसते हरवायचे असते. अशा माणसाला ओळखावे कसे आणि आवरावे कसे? आवरताना खरी शंका विचारणाऱ्याचे तोंड बंद होऊ नये, याची काळजी कशी घ्यावी? भारतातील विचारवंतांनी दीड हजाराहून अधिक वर्षे या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि त्यातून नियमांचे एक सविस्तर शास्त्रच उभे राहिले.

या शास्त्राच्या आधीची स्थिती बृहदारण्यक उपनिषदातील जनकाच्या सभेत दिसते. राजाने एक हजार गाई उभ्या केल्या, त्यांच्या शिंगांना सोने बांधले आणि सर्वांत ज्ञानी असेल त्याने त्या न्याव्यात, असे सांगितले. याज्ञवल्क्याने गाई हाकण्यास सांगताच प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. गार्गीने एकामागून एक प्रश्न विचारले, तेव्हा याज्ञवल्क्याने तिला अतिप्रश्न न करण्याविषयी बजावले. तसे केल्यास मस्तक गळून पडेल, असा इशारा दिला. गार्गी थांबली. पुढे ती पुन्हा उठली ती सभेची अनुमती मागून; दोनच प्रश्न विचारीन असे सांगून. उत्तरे मिळाल्यावर, याला कोणी जिंकू शकणार नाही, असा निर्वाळाही तिनेच दिला. शाकल्य मात्र विचारीतच राहिला, आणि उपनिषद सांगते की, त्याचे मस्तक खरोखरच गळून पडले. प्रश्नाला कोठेतरी मर्यादा असते, ही जाणीव येथे आहे. परंतु ती मर्यादा कोणती, हे ठरविणारा नियम नाही. आहे ती उत्तर देणाऱ्याची शापवाणी. ज्याला प्रश्न विचारला जात आहे, त्यानेच प्रश्नाची सीमा ठरवावी, ही व्यवस्था समाधानकारक नव्हे, हे उघड आहे.

इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने या विषयाला राज्यकर्त्याच्या बाजूने हात घातला. त्याचा बारावा शिलालेख निरनिराळ्या पंथांच्या परस्पर वर्तनासंबंधी आहे. दानधर्म किंवा सत्कार यांपेक्षा सर्व पंथांमधील साराची वृद्धी आपल्याला अधिक मोलाची वाटते, असे राजा म्हणतो. आणि या वृद्धीचे मूळ तो वाचेच्या संयमात पाहतो. स्वतःच्या पंथाची स्तुती आणि परपंथाची निंदा अप्रसंगी करू नये, प्रसंग आला तरी ती माफक असावी, आणि जो आपल्या पंथाच्या प्रेमाने दुसऱ्याला हीन लेखतो तो आपल्याच पंथाची हानी करतो, असा त्याचा आशय आहे. कंदाहार येथे १९६३ मध्ये सापडलेल्या ग्रीक लेखात या आज्ञेचा अखेरचा भाग आढळला, त्यावरून ग्रीक बोलणाऱ्या प्रजेपर्यंतही हा उपदेश पोचविला गेला होता, हे कळते. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, टीकेला येथे बंदी नाही. अशोक टीकेचा प्रसंग आणि प्रमाण यांच्याविषयी बोलतो. आणि शिक्षेऐवजी हानीची जाणीव करून देतो.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात तर सत्तेचा प्रश्न थेट विचारला गेला आहे. सागल नगरीचा ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाशी चर्चा करू इच्छितो. नागसेन विचारतो की, ही चर्चा पंडितांच्या रीतीने व्हावयाची की राजांच्या रीतीने? पंडितांच्या चर्चेत गुंता घातला जातो, सोडविला जातो, चूक दाखविली जाते, ती मान्यही केली जाते, आणि कोणी रागावत नाही. राजे एखादे मत मांडतात आणि जो विरोध करील त्याला दंड करण्याची आज्ञा देतात. मिलिंद पंडितांची रीत पत्करतो आणि मगच संवाद सुरू होतो. नियम आधी, चर्चा मागून, हा क्रम येथे प्रथमच इतका स्पष्ट झालेला दिसतो.

यानंतर हा विचार शास्त्राच्या भाषेत मांडला गेला तो, काहीसा अनपेक्षितपणे, वैद्यकाच्या ग्रंथात. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यांनी परस्परांशी चर्चा कशी करावी, याचे विस्तृत विवेचन आहे. चरकाने चर्चेचे दोन प्रकार सांगितले: सलोख्याने होणारी ती संधाय संभाषा, आणि जिंकण्याच्या ईर्ष्येने होणारी ती विगृह्य संभाषा. पहिली कोणाशी करावी? जो जाणता आहे, चटकन रागावत नाही, मत्सर करीत नाही आणि समजावले असता समजून घेतो, त्याच्याशी. अशा चर्चेत निर्धास्तपणे बोलावे, निर्धास्तपणे विचारावे, हार झाली तर खिन्न होऊ नये, जिंकल्यास हर्षाने फुलू नये आणि लोकांत त्याची फुशारकी मारू नये.

दुसऱ्या प्रकारासंबंधी चरकाची भूमिका अगदी व्यवहारी आहे. उतरण्यापूर्वी प्रतिपक्षी आपल्याहून वरचढ, बरोबरीचा की कमी, हे पाहावे. सभाही पारखावी; ती जाणत्यांची आहे की अजाणांची, आणि आपल्याविषयी स्नेह बाळगणारी, तटस्थ की विरोधाने पेटलेली. विरोधी सभेत कोणाशीही वाद मांडू नये, असे तो स्पष्टच सांगतो. पण याच प्रकरणात दुबळ्या प्रतिपक्ष्याला नामोहरम करण्याच्या युक्त्याही आहेत: ज्याचे पाठांतर कच्चे त्याच्यापुढे लांबलचक सूत्रे म्हणावीत, ज्याला वाक्य ध्यानात ठेवता येत नाही त्याला वळणावळणाच्या वाक्यांत गुरफटावे, तापट असेल त्याला दमवावे, भित्र्याला धाक दाखवावा. हा उपदेश वाचून आजचा वाचक चपापतो. परंतु त्याच ठिकाणी चरकाने दिलेला इशाराही विसरता येत नाही. ईर्ष्येच्या वादातून काहींच्या मनात तीव्र वैर उपजते, रागावलेल्या माणसाला करू नये असे काही राहत नाही आणि बोलू नये असेही काही राहत नाही. म्हणून शहाणे लोक सज्जनांच्या बैठकीत कलहाची प्रशंसा करीत नाहीत. सूत्रस्थानातही अशीच एक सभा रंगविली आहे. मनुष्य आणि त्याचे रोग यांच्या उत्पत्तीविषयी ऋषी हमरीतुमरीवर येतात, तेव्हा पुनर्वसू आत्रेय त्यांना थांबवितात. आपापले मत अंतिम समजून बोलणारे लोक तेलघाण्याभोवती फिरणाऱ्यासारखे असतात, चालतात पुष्कळ पण पोचत कोठेच नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा भाव आहे.

या सर्व अनुभवाला काटेकोर व्याख्यांचे रूप दिले ते न्यायसूत्रांनी. अक्षपाद गौतमाच्या नावावर असलेली ही सूत्रे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत आजच्या रूपाला आली, असे सामान्यतः मानले जाते. पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थांची यादी आहे आणि तिच्यातील अखेरचे सात पदार्थ, म्हणजे वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास, छल, जाती आणि निग्रहस्थान, हे सर्वच्या सर्व चर्चेशी निगडित आहेत. मोक्षाचा मार्ग सांगणाऱ्या शास्त्राने आपली निम्मी यादी चर्चेच्या गुणदोषांना द्यावी, यावरून हा प्रश्न त्या काळी किती जिव्हाळ्याचा होता, हे दिसते.

गौतमाने चर्चेचे तीन प्रकार केले. प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे दोन्ही बाजू आपापला पक्ष मांडतात आणि हेतू सत्यनिर्णयाचा असतो, तो वाद. गुरू, शिष्य, सहाध्यायी आणि कल्याणेच्छू मत्सररहित माणसे यांच्याशी तो करावयाचा. जेथे दोन्ही बाजूंना पक्ष असतात, पण जिंकण्यासाठी छल, जाती इत्यादी आडमार्गही वापरले जातात, तो जल्प. आणि जेथे एक बाजू आपला पक्ष मांडतच नाही, केवळ दुसऱ्याचे बोलणे खोडीत राहते, ती वितंडा. ही व्याख्या कुशलतेने केलेली आहे. वितंडा करणारा दुष्ट असतो, मत्सरी असतो, असे तिच्यात म्हटलेले नाही. माणसाच्या मनात शिरून त्याचा हेतू तपासणे सभेला शक्य नसते. त्याने पक्ष मांडला की नाही, हे मात्र सर्वांना दिसते. म्हणून गौतमाने दिसणाऱ्या कृतीवर बोट ठेवले.

छलाचे विवेचनही असेच प्रत्यक्ष कृतीला धरून आहे. वात्स्यायनाच्या भाष्यातील उदाहरण प्रसिद्ध आहे. कोणी एक जण ‘नवकंबल’ अंगावर घेतलेल्या मुलाविषयी बोलतो. त्याला नवे कांबळे म्हणावयाचे आहे. ऐकणारा ‘नव’ म्हणजे नऊ असे धरून, याच्याकडे नऊ कांबळी कोठे आहेत, असे विचारतो. हा वाक्छल. दुसरा सामान्यछल: एका ब्राह्मणाच्या विद्वत्तेची प्रशंसा ऐकून, मग संस्कारहीन ब्राह्मणही विद्वानच म्हणावयाचा काय, असे म्हणणे, म्हणजे सहज केलेल्या विधानाला सार्वत्रिक नियम बनविणे. तिसरा उपचारछल: ‘मचाणे ओरडत आहेत’ या लाक्षणिक बोलण्यावर, लाकडे कशी ओरडतील, असा आक्षेप घेणे. हे तिन्ही प्रकार आजच्या कोणत्याही बैठकीत, वर्तमानपत्री चर्चेत किंवा समाजमाध्यमांवर अर्ध्या तासात सापडतील.

यापुढे येतात चोवीस जाती, म्हणजे दिसण्यात तर्कशुद्ध पण आतून पोकळ असलेली प्रत्युत्तरे, आणि बावीस निग्रहस्थाने, म्हणजे ज्या ठिकाणी वादी हरला असे सभेने ठरवावे, अशी स्थाने. निग्रहस्थानांची यादी म्हणजे मानवी हट्टाचा नकाशाच आहे. अडचण येताच आपली प्रतिज्ञा सोडणे, किंवा आपण तसे म्हटलेच नव्हते असे सांगणे. विषय सोडून भलतेच बोलणे. अर्थहीन अक्षरे उच्चारणे. तीन वेळा सांगूनही सभेला आणि प्रतिपक्षाला कळणार नाही असे बोलणे. तेच तेच पुन्हा बोलणे. ही त्यांतील काही. ‘विक्षेप’ म्हणजे अंगाशी येताच काही कामाची सबब सांगून चर्चा तोडणे. ‘मतानुज्ञा’ म्हणजे आपल्यावरील दोष न निवारता ‘तुझ्यातही तोच दोष आहे’ असे म्हणणे. शास्त्राच्या दृष्टीने ही आपल्या दोषाची कबुलीच ठरते. ‘अननुभाषण’ हे स्थान विशेष मार्मिक आहे. प्रतिपक्षाने तीन वेळा सांगितलेले आणि सभेला समजलेले म्हणणे ज्याला आपल्या तोंडाने पुन्हा सांगता येत नाही, त्याला उत्तर देण्याचा अधिकार उरत नाही. आधी दुसऱ्याचे म्हणणे नीट सांगा, मग खोडा, हा एकच नियम पाळला गेला तरी निम्मी भांडणे जागच्या जागी मिटतील.

हे नियम चालविणार कोण? येथे सभेचे कर्तव्य पुढे येते. बावीस स्थानांत एक असे आहे की, प्रतिपक्ष दोषात सापडला असूनही तो दोष दाखवावयाचे वादी विसरतो. तेव्हा दोष न दाखविणे हाच त्याचा पराभव होतो. पण हा पराभव जाहीर कोण करणार? वात्स्यायन म्हणतो, तो सभेनेच विचारणा होताच सांगितला पाहिजे, कारण जो स्वतः दोषात सापडला आहे, तो आपल्याच हाताने आपली लंगोटी कशी सोडील? पुढे जैन तार्किकांनी वादाची चार अंगे सांगितली: वादी, प्रतिवादी, सभ्य आणि सभापती. बोलणारे दोघे, जाणते श्रोते आणि शिस्त राखणारा अध्यक्ष यांची ही चौकट वादिदेवसूरीच्या बाराव्या शतकातील ग्रंथात स्पष्टपणे आढळते.

मात्र शिस्त राखणाऱ्याचा हात जड झाला तर काय होते, याचे उदाहरणही इतिहासात आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संग भारतात आला, तेव्हा नालंदा विद्यापीठाच्या दारातच बाहेरून येणाऱ्या वादेच्छूंची परीक्षा होत असे आणि दहांतील सात-आठ तेथूनच परत जात, असे त्याने लिहून ठेवले आहे. ही परीक्षा कडक खरी, पण ती ज्ञानाची होती. इसवी सन ६४३ च्या सुमारास सम्राट हर्षाने कनोज येथे भरविलेल्या महासभेत मात्र वेगळेच घडले. ह्युएनत्संगाने महायानाचा पक्ष मांडला आणि आपल्या विधानांत एक शब्द जरी तर्कविरुद्ध निघाला तरी आपले शिर देईन, असे जाहीर केले. काही दिवसांनी त्याच्या जिवाला धोका असल्याची वार्ता राजाच्या कानी गेली. त्याच्या चरित्रकाराच्या सांगण्यानुसार हर्षाने आज्ञा काढली की, जो या आचार्याला इजा करील त्याचा शिरच्छेद होईल आणि जो त्याच्याविरुद्ध बोलेल त्याची जीभ छाटली जाईल. त्याच्या उपदेशाचा लाभ घेऊन आपले म्हणणे मांडणाऱ्यांनी मात्र भिऊ नये. अठरा दिवस गेले, वाद करावयास कोणीही उठले नाही, आणि ह्युएनत्संग विजयी ठरला. पाहुण्याचे रक्षण करणे हे राजाचे कर्तव्यच होते. परंतु शारीरिक इजा आणि शाब्दिक विरोध यांना एकाच आज्ञेत बसविताच वाद संपला. नागसेनाने ज्या रीतीला राजांची रीत म्हटले होते, तीच येथे वादाचे रक्षण करण्याच्या हेतूने अवतरली.

शास्त्रातही एक गाठ होती. जल्प आणि वितंडा यांना गौतमाने सर्वथा त्याज्य ठरविले नव्हते. कोवळ्या अंकुरांच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसा सत्याच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग करावा, असे त्याचे मत होते. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने सातव्या शतकात ‘वादन्याय’ ग्रंथात यावर कडाडून हल्ला केला. सत्याच्या रक्षणासाठी छल चालत असेल, तर नखे, चपराका, शस्त्रे आणि आग लावणे हेही का चालू नये, असा त्याचा सवाल होता. त्याने बावीस निग्रहस्थानांऐवजी दोनच पुरेशी मानली: स्वतःच्या पक्षाच्या सिद्धीला जे साधन नाही ते बोलणे, आणि जो दोष नाही तो दोष म्हणून दाखविणे.

दुसरी गाठ वितंडेच्या व्याख्येत होती. ज्याला पक्ष नाही तो वितंडी म्हटला, तर प्रामाणिक संशयवाद्याचे काय? माध्यमिक आचार्य नागार्जुनाने आपली कोणतीही प्रतिज्ञाच नाही, असे ‘विग्रहव्यावर्तनी’त म्हटले होते आणि नैयायिकांच्या दृष्टीने ती वितंडाच होती. तरीही नागार्जुनाला सभा मोडणारा खोडकर म्हणण्याचे धाडस कोणी गंभीर अभ्यासक करणार नाही. बाराव्या शतकात ‘नैषधीयचरिता’चा कर्ता श्रीहर्ष, जो कनोजच्याच राजाश्रयाला होता, त्याने ‘खंडनखंडखाद्य’ लिहून या प्रश्नाला वेगळे वळण दिले. चर्चेला बसण्यापूर्वी दोघांनी प्रमाणांची सत्यता मान्य केलीच पाहिजे, असे नाही. चर्चेचे नियम मान्य केले म्हणजे पुरे, असे त्याने प्रतिपादन केले. मत समान असणे ही चर्चेची अट नव्हे, वर्तन समान नियमांनी बांधलेले असणे ही अट होय. आठशे वर्षे होऊन गेली तरी या भेदाचे महत्त्व कमी झालेले नाही.

या परंपरेची मर्यादाही सांगितली पाहिजे. सभा प्रायः संस्कृतज्ञ पुरुषांची होती. गार्गी किंवा शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या आख्यायिकेत पंच म्हणून बसलेली उभयभारती ही नावे ध्यानात राहतात, कारण ती विरळा आहेत. बावीस स्थानांत अडखळण्यासाठी का होईना, सभेत पाऊल ठेवण्याचाच अधिकार बहुसंख्य समाजाला नव्हता. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये हे ज्ञान मराठीत आणताना मंगलाचरणातील गणेशाच्या हाती तर्काचा परशू दिला, आणि ग्रंथाच्या शेवटी दुर्जनांचा नाश न मागता त्यांचा वाकडेपणा तेवढा जावो, असे मागितले. पुढे एकोणिसाव्या शतकात भीमाचार्य झळकीकरांनी न्यायशास्त्राच्या परिभाषेचा ‘न्यायकोश’ सिद्ध केला. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संस्कारिलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२८ मध्ये प्रसिद्ध केली. या शब्दांचे मूळ अर्थ शोधणाऱ्याला आजही त्याच ग्रंथाकडे वळावे लागते.

आजची सभा अमर्याद विस्तारली आहे. तिला दार नाही, द्वारपंडित नाही आणि पुष्कळदा बोलणाऱ्याला चेहराही नाही. तथापि प्रश्न तेच आहेत. न्यायभाष्याच्या आरंभीच वात्स्यायनाने वितंडीला गाठून त्याला एक साधा प्रश्न विचारला आहे: तुझे प्रयोजन काय? त्याने प्रयोजन सांगितले, तर तोच त्याचा पक्ष झाला आणि त्याला इतरांप्रमाणे तो सिद्ध करावा लागेल. सांगितले नाही, तर तो धड सामान्य माणसांतही बसत नाही आणि परीक्षकांतही बसत नाही. या प्रश्नात शिवी नाही, शाप नाही आणि जीभ छाटण्याची धमकीही नाही. ज्याच्या मनात खरी शंका आहे, त्याला याचे उत्तर देण्यास मुळीच अडचण पडत नाही.